संन्यस्त अध्यक्ष : स्वामी रामानंद तीर्थ आणि हैदराबाद

अध्यक्षपद म्हटले की कार्यालय, शिपाई, गाडी आणि मानाची खुर्ची यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्षपद मात्र असे होते की, ते स्वीकारणाऱ्याला प्रथम तुरुंगाच्या वास्तव्याची तयारी ठेवावी लागत असे. ही संस्था रीतसर जन्माला येण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ती बंदी उठण्यास जुलै १९४६ उजाडावे लागले. या संस्थेच्या नेतृत्वाशी स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. संस्थानच्या मुक्तीनंतर हैदराबादेत लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, तेव्हा ज्यांच्या नावाने लढा लढला गेला ते स्वामीजी त्या मंत्रिमंडळात नव्हते. पुढे ज्या राज्यासाठी आयुष्याची ऐन वर्षे वेचली, त्या राज्याचे विसर्जन व्हावे यासाठीही ते झटले. या दोन घटनांत त्यांच्या जीवनाचे मर्म सामावलेले आहे. हैदराबादेतील मराठी समाजाच्या दृष्टीने तर यांतील दुसरी घटना आजही विचार करावयास लावणारी आहे, कारण त्या विसर्जनाची किंमत ज्यांनी मोजली त्यांत हा समाज अग्रभागी होता.

संस्थान आणि त्यातील मराठी जीवन

निजामाचे राज्य हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा विस्तार आणि १९४१ च्या शिरगणतीनुसार १ कोटी ६० लाखांहून अधिक लोकसंख्या, असा त्याचा पसारा होता. आठ जिल्हे तेलुगू भाषेचे, पाच मराठीचे आणि तीन कानडीचे. राज्यकारभार, न्यायदान आणि उच्च शिक्षण यांची भाषा मात्र उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सर्व विषय उर्दूतून शिकविले जात. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक महत्त्वाचा प्रयोग होता, हे मान्य करावयास हवे. तथापि ज्या भाषांत राज्यातील बहुसंख्य प्रजा बोलत होती, त्या भाषांना या प्रयोगात माध्यमाचे स्थान मिळाले नाही.

अशा परिस्थितीत भाषेचा संसार लोकांनाच मांडावा लागला. हैदराबाद शहरात शाहअलीबंडा येथे १८९५ मध्ये भारत गुणवर्धक संस्थेने ग्रंथसंग्रहाचे कार्य आरंभिले. १९०१ मध्ये तेलुगू भाषकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् उभे राहिले. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी धुरीणांच्या पिढीने शिक्षण व समाजसुधारणेची कामे हाती घेतली आणि १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा सुरू झाली. १९३१ मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. सभाबंदीचे ‘गश्ती निशान ५३’ हे फर्मान लागू असलेल्या राज्यात राजकीय सभा घेणे जवळजवळ अशक्य होते. साहजिकच वाचनालय, शाळा, गणेशोत्सवातील व्याख्यानमाला आणि साहित्य परिषद यांच्या आश्रयाने सार्वजनिक जीवन वाढत गेले. वाचनालयात वर्तमानपत्र वाचण्यासाठी येणारा तरुण नुसते वर्तमानपत्र वाचून परत जात नसे, हे त्या काळच्या पोलिसांनाही ठाऊक होते.

या उज्ज्वल चित्राला एक काळी किनारही आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे श्रोत्यांनी ऐकली. परंतु एक तेलुगू वकील आपल्या भाषेत बोलण्यास उभे राहताच सभेतून टवाळी झाली. अपमानित झालेल्या तेलुगू मंडळींनी लगेच आंध्र जन संघम् स्थापन केला. त्यातूनच पुढे आंध्र महासभेची चळवळ वाढली. आपल्या भाषेची उपेक्षा होते म्हणून व्यथित असलेल्या समाजाने शेजारच्या भाषेची उपेक्षा करावी, हा त्या काळचा मोठा विपर्यास होय. स्वामीजींच्या भाषाविषयक भूमिकेचा विचार करताना ही घटना विसरून चालणार नाही.

व्यंकटेश खेडगीकर ते रामानंद तीर्थ

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी या गावी झाला. कानडी मुलखात मराठी वळणाच्या घरी वाढलेल्या या मुलाला दोन्ही भाषा बालपणापासूनच जवळच्या होत्या. शालेय शिक्षणासाठी ते सोलापुरात असताना १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. सतरा वर्षेही पूर्ण न झालेल्या या विद्यार्थ्याने त्या दिवशी आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प सोडला. त्या वयातील संकल्प बहुधा वयाबरोबरच ओसरतात, हा टिकला. असहकाराच्या हाकेनंतर त्यांनी सरकारी शिक्षणाकडे पाठ फिरविली आणि पुढील अध्ययन अमळनेर येथे व पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात केले. काही काळ त्यांनी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केले. श्रमिकांच्या प्रश्नांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी तेथे घडली आणि ती भगव्या वस्त्रांतही कायम राहिली.

निजामाच्या राज्यात ते आले ते शिक्षक म्हणून. उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा १९२१ पासून खेड्यात राहून राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग करीत होती. १९२९ च्या सुमारास खेडगीकर तेथे मुख्याध्यापक म्हणून रुजू झाले. स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा त्यांच्यावर पूर्वीपासून प्रभाव होता. १९३२ मध्ये त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ‘रामानंद तीर्थ’ हे नाव धारण केले. हिप्परग्यानंतर मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. तेथील योगेश्वरी विद्यालयात बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. पुढे मराठवाड्यातील स्वातंत्र्यलढ्याला जे कार्यकर्ते मिळाले, त्यांतील कितीतरी जण या दोन शाळांच्या वर्गांतून किंवा शिक्षकांच्या खोल्यांतून आले.

संन्यास म्हणजे संसाराचा त्याग, असा रूढ अर्थ आहे. स्वामीजींच्या बाबतीत तो संसाराच्या विस्ताराचा आरंभ ठरला. घर नाही, मिळकत नाही, मुलाबाळांची चिंता नाही. त्यामुळे जप्ती, दंड आणि कैद ही सरकारी शस्त्रे या माणसावर फारशी चालत नसत. दुसरीही एक गोष्ट घडली. जातीच्या आणि भाषेच्या चौकटी ओलांडून खेड्यातील माणूस भगव्या वस्त्राशी विश्वासाने बोलू शकत असे. याच वस्त्रामुळे विरोधकांना मात्र ही चळवळ धार्मिक असल्याचा आरोप करणे सोपे गेले. स्टेट काँग्रेसची दारे सर्व धर्मीयांना खुली असल्याचे स्वामीजींना जन्मभर पुनःपुन्हा सांगावे लागले, यामागे हेही एक कारण होते.

परिषद, सत्याग्रह आणि तुरुंग

१९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढील वर्षी लातूरला दुसरे अधिवेशन झाले आणि शिक्षकी पेशा सोडून स्वामीजी पूर्ण वेळ सार्वजनिक कार्यात उतरले. आंध्र महासभा, कर्नाटक परिषद आणि महाराष्ट्र परिषद या तीन भाषिक संस्थांतून तयार झालेल्या कार्यकर्त्यांची एक सामायिक राजकीय संस्था असावी, या विचारातून स्टेट काँग्रेसची कल्पना पुढे आली. तिची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. राजा राहावा, परंतु कारभार लोकांना जबाबदार असावा, एवढेच तिचे म्हणणे होते. एवढी मर्यादित मागणीही सरकारला सोसवली नाही.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. लगेचच स्वामीजींनीही सत्याग्रह करून अटक पत्करली. त्याच सुमारास आर्य समाजाचा सत्याग्रहही सुरू होता. सरकारला दोहोंची सरमिसळ करून दाखविणे सोयीचे जात होते. म्हणून गांधीजींच्या सल्ल्यानुसार डिसेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. ऐन भरात आलेली चळवळ थांबविणे कार्यकर्त्यांना रुचले नाही, परंतु तिचे राजकीय शुद्धत्व राखण्यासाठी ते आवश्यक होते. याच महिन्यांत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्या विद्यार्थ्यांत पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव हे एक होते.

पुढील दशक स्वामीजींनी आलटून पालटून तुरुंगात आणि प्रवासात काढले. १९४० मध्ये गांधीजींच्या अनुमतीने त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाहून हैदराबादला परतताच त्यांना अटक झाली. बंदी असलेल्या संस्थेला कार्यालय नसते, सभासदांची नोंद नसते, ठराव छापता येत नाहीत. अशा संस्थेचे अस्तित्व केवळ माणसांच्या परस्परविश्वासावर टिकते. तो विश्वास आठ वर्षे टिकवून धरणे, हे स्वामीजींचे या काळातील खरे कार्य होय. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, अनंत भालेराव अशा निरनिराळ्या प्रकृतीच्या आणि विचारांच्या माणसांना हा संन्यासी आपला वाटला.

निर्णायक दोन वर्षे

१९४६ मध्ये बंदी उठली आणि बंदीच्या काळात झाकलेले मतभेद उघडे पडले. सरकारने देऊ केलेल्या तुटपुंज्या सुधारणांचा स्वीकार करावा की बहिष्कार घालावा, हा पहिला वाद होता. एका बाजूस वाटाघाटींवर भर देणारे बुर्गुल रामकृष्णराव यांच्यासारखे अनुभवी, बहुभाषाकोविद कायदेपंडित होते. दुसऱ्या बाजूस लोकांच्या लढ्यावर विश्वास ठेवणारा तरुणांचा गट होता. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत या दोन प्रवाहांची गाठ पडली आणि स्वामीजी अल्प मताधिक्याने निवडून आले. या वादाला मराठी विरुद्ध तेलुगू असे स्वरूप देणे अन्यायाचे ठरेल. बुर्गुलांचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले होते आणि त्यांना मराठी उत्तम अवगत होती. उलट स्वामीजींच्या बाजूस तेलुगू भाषक कार्यकर्तेही मोठ्या संख्येने होते. प्रश्न मार्गाचा होता.

जून १९४७ मध्ये निजामाने ब्रिटिश सत्ता संपल्यावर आपण स्वतंत्र राहणार असल्याचे जाहीर केले आणि वाटाघाटींचा मार्ग अरुंद झाला. ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस स्टेट काँग्रेसने भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळला. १५ ऑगस्टला पहाटे स्वामीजींनी सुलतान बाजार भागात तिरंगा फडकविला आणि देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी ते कैदेत गेले. नोव्हेंबरअखेर ‘जैसे थे’ करार झाल्यावर त्यांची सुटका झाली, परंतु ती अल्पकाळाचीच ठरली. २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांना पुन्हा अटक करण्यात आली आणि पोलीस कारवाई संपेपर्यंत ते आत होते.

बाहेर परिस्थिती झपाट्याने बिघडत होती. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकारांनी गावोगाव दहशत माजविली. त्यांची दहशत केवळ हिंदूंपुरती नव्हती. भारतात विलीन होण्याची बाजू मांडणारे ‘इमरोज’ पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत निर्घृण हत्या झाली. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या कृती समितीने छावण्या उघडल्या. तेथून नाकी, चौक्या आणि उमरीची बँक यांवर सशस्त्र हल्ले झाले. गांधीजींना गुरुस्थानी मानणाऱ्या संन्याशाच्या अध्यक्षतेखालील संस्थेने शस्त्र हाती घ्यावे, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रश्न होय. स्वामीजींनी ही जबाबदारी कधी झटकली नाही. निःशस्त्र जनतेच्या रक्षणाचा अन्य मार्ग उरला नव्हता, असे त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. ते मान्य केले तरी, साधन आणि साध्य यांच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला या निर्णयाचे ओझे वाटल्याशिवाय राहिले नसेल.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. मुक्तीच्या आनंदाला त्यानंतरच्या आठवड्यांतील सूडाने गालबोट लागले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सरकारला दिलेल्या अहवालात पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणांस मुकली असावीत, असा अंदाज नोंदविला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते आणि मराठवाड्याच्या जिल्ह्यांना त्याची मोठी झळ पोहोचली होती. हा अहवाल कित्येक दशके दप्तरात बंद राहिला. रझाकारांचे अत्याचार सांगणाऱ्या इतिहासाने हे पानही वाचावयास हवे; त्याशिवाय सर्व धर्मीयांच्या जबाबदार राज्याची स्वामीजींची मागणी पुरती समजणार नाही.

सत्तेच्या उंबरठ्यावर

मुक्तीनंतर जनरल जयंतनाथ चौधरी यांचा लष्करी अंमल, त्यानंतर वेल्लोडी यांचे मुलकी प्रशासन आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ, असा क्रम झाला. दिगंबरराव बिंदू गृहमंत्री झाले, कोरटकरांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार मंत्रिमंडळात आले आणि काशिनाथराव वैद्य विधानसभेचे सभापती झाले. हैदराबादच्या मराठी सार्वजनिक जीवनातील कितीतरी नावे या यादीत आढळतात. लढ्याचे अध्यक्ष मात्र गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि राज्यातील सत्तापदापासून दूर राहिले.

अशा वेळी अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे स्मरण होते. आठ वर्षांचे युद्ध जिंकल्यावर २३ डिसेंबर १७८३ रोजी अॅनापोलिस येथे त्यांनी सेनापतिपद लोकप्रतिनिधींच्या स्वाधीन केले आणि ते आपल्या शेतीवाडीकडे निघून गेले. विजयी सेनापतीने राजा व्हावयाचे, ही जगाची रीत; तिला त्यांनी छेद दिला. १७८९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि दोन कारकिर्दींनंतर १७९७ मध्ये, तिसऱ्यांदा उभे न राहता, पुन्हा निवृत्त झाले. हा पायंडा अमेरिकेने जवळजवळ दीडशे वर्षे पाळला. सत्ता कशी मिळविली यापेक्षा ती कशी सोडली, यावर वॉशिंग्टन यांची थोरवी अधिक उभी आहे.

स्वामीजींशी त्यांचे साम्य येथपर्यंतच आहे. वॉशिंग्टन हे शेकडो गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्याचे धनी होते आणि त्या गुलामगिरीचा डाग त्यांच्या कीर्तीवर कायम आहे. त्यांना परतण्यासाठी माउंट व्हर्नन होते. स्वामीजींना परतण्यासाठी घरच नव्हते. वॉशिंग्टन यांनी तेरा वसाहतींच्या संघराज्याची घडी बसविली. स्वामीजींना आपले राज्य एका मोठ्या संघराज्यात विलीन करून शेवटी नकाशावरून पुसून टाकावयाचे होते. वॉशिंग्टन यांनी सत्ता हाती घेऊन मग ती सोडली, तर स्वामीजींनी ती घेतलीच नाही. यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे प्रयोजन नाही. सत्ता हाती घेऊन ती नियमांत बांधून दाखविणे, हेही नवजात लोकशाहीला आवश्यक असे शिक्षण आहे. हैदराबादला ते स्वामीजींकडून मिळाले नाही.

म्हणूनच त्यांच्या सत्तात्यागाचे मूल्यमापन केवळ भक्तिभावाने करून चालणार नाही. मुक्तीनंतर काँग्रेसमधील गटबाजी वाढत गेली आणि तिच्यापासून स्वामीजींचे नावही अलिप्त राहिले नाही. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे डाव्या विचारांचे निकटचे सहकारी पक्षाबाहेर पडले. जहागिरी गेल्या, कुळकायदा झाला, तरी ज्या भूमिहीन शेतमजुराच्या नावाने लढा झाला होता त्याच्या पदरी काय पडले, हा प्रश्न उरलाच. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी विनोबांना शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदानाचा आरंभ झाला, तेव्हा स्वामीजी त्या कार्याकडे ओढले गेले, ते याच अस्वस्थतेतून. कायद्याने जे साधले नाही ते हृदयपरिवर्तनाने साधेल, ही आशाही पुरती फळाला आली नाही.

राज्याचे विसर्जन

स्वामीजींच्या राजकीय जीवनातील शेवटचा मोठा निर्णय म्हणजे हैदराबाद राज्याच्या भाषावार त्रिभाजनाचा पुरस्कार. तीन भाषांचे, विविध धर्मांचे हे राज्य टिकावे, असे मानणारे थोर पुरुष कमी नव्हते. जवाहरलाल नेहरूंनाही आरंभी हैदराबादचे विभाजन पसंत नव्हते. या राज्यात दक्षिण आणि उत्तर यांचा मेळ आहे, हा त्यांचा युक्तिवाद वरवरचा नव्हता. स्वामीजींची दृष्टी वेगळी होती. त्यांच्या मते हे राज्य लोकांच्या इच्छेने बनलेले नव्हते. एका घराण्याच्या तलवारीने आणि तहांनी त्याच्या सीमा आखल्या होत्या. शेतकऱ्याला तलाठ्याचा कागद, कोर्टाचा निकाल आणि मुलाचे पाठ्यपुस्तक आपल्या भाषेत मिळाल्यावाचून लोकशाही त्याच्या दारात पोहोचत नाही, ही त्यांची धारणा शाळामास्तराच्या अनुभवातून आलेली होती. हा न्याय मराठीला लावावयाचा तर तेलुगूला आणि कानडीलाही लावावयास हवा. विवेकवर्धिनीच्या सभागृहात १९२१ मध्ये जे नाकारले गेले होते, ते येथे मान्य झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपुष्टात आले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्यात गेले. गुलबर्गा, रायचूर आणि बीदर म्हैसूर राज्यात. तेलंगण आंध्र प्रदेशात. रेषा आखताना तालुक्यांचीही फेरमांडणी झाली. उदगीर, निलंगा बीदरमधून निघून मराठवाड्यात आले, आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा मिळाले. भालकी, औराद, बसवकल्याणचे मराठी भाषक मात्र पलीकडे राहिले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि मराठवाडा त्याचा अविभाज्य घटक बनला.

हैदराबाद शहरातील मराठी माणसाच्या वाट्याला काय आले? आदल्या दिवसापर्यंत जे शहर त्याच्या पाच जिल्ह्यांची राजधानी होते, ते दुसऱ्या राज्याची राजधानी झाले. मराठवाड्यातून शिक्षणासाठी, वकिलीसाठी, नोकरीसाठी येणारा ओघ आटला. अनेक सरकारी नोकर आणि नेते औरंगाबादकडे व मुंबईकडे गेले. १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर विद्यार्थ्यांनाही इकडे येण्याचे कारण राहिले नाही. मराठी शाळा, मंडळे आणि ग्रंथालये यांना आपल्या बळावर जगण्याची वेळ आली. भाषिक न्यायाच्या तत्त्वाने मराठवाड्यातील लक्षावधींना त्यांचे राज्य मिळवून दिले आणि त्याच तत्त्वाने हैदराबादच्या मराठी समाजाला भाषिक अल्पसंख्य केले. या तत्त्वाला मर्यादा होत्या, हे पुढे तेलुगू मुलखातही दिसून आले. एकभाषिक म्हणून जोडलेला तेलंगण २ जून २०१४ रोजी वेगळे राज्य झाला. भाषा हे लोकांना एकत्र आणण्याचे साधन असले तरी न्याय्य वाटणीची हमी ती देऊ शकत नाही, हा त्याचा अर्थ.

या विसर्जनाचा पुरस्कार करणारे स्वामीजी स्वतः कोठे गेले? १९५७ मध्ये औरंगाबादने त्यांना पुन्हा लोकसभेवर पाठविले. त्यानंतर ते निवडणुकीच्या राजकारणापासून दूर झाले. मराठवाड्यात त्यांना कोठेही मानाचे स्थान मिळाले असते; तथापि त्यांनी हैदराबाद सोडले नाही. सिंदगीत जन्मलेले, मराठवाड्यात घडलेले, गुलबर्गा आणि औरंगाबाद या दोन भाषांच्या मतदारसंघांचे प्रतिनिधित्व केलेले स्वामीजी अखेरपर्यंत या शहराचे रहिवासी राहिले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेतच त्यांचे निधन झाले. बेगमपेठ येथे त्यांची समाधी आहे.

वारसा

स्वामीजींचा वारसा शोधावयाचा तर तो शिक्षणसंस्थांत प्रथम आढळतो. त्यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. अंबाजोगाईच्या शैक्षणिक जीवनावर त्यांचा ठसा आहे. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्यांचे आयुष्य मुख्याध्यापकाच्या खुर्चीपासून सुरू झाले, त्यांचे स्मारक विद्यापीठाच्या रूपाने व्हावे, हे उचितच होय.

दुसरा वारसा माणसांचा. वंदे मातरम् चळवळीत विद्यापीठाबाहेर पडलेले नरसिंह राव स्वामीजींना गुरुस्थानी मानीत. या तेलुगू भाषक राजकारण्याने हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली आणि १९९१ मध्ये तो देशाचा पंतप्रधान झाला. ज्या शहरात एकेकाळी तेलुगू भाषण ऐकून घेतले गेले नाही, त्याच मुलखात वाढलेल्या तेलुगू माणसाने मराठी कादंबरीवर इतके प्रेम करावे, हा स्वामीजींच्या परंपरेचाच विजय म्हणावा लागेल.

तिसरा वारसा एका ग्रंथाचा. १९६७ मध्ये त्यांनी लढ्याच्या आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. त्यांचा मराठी अनुवादही ‘हैदराबाद स्वातंत्र्यसंग्रामाच्या आठवणी’ या नावाने उपलब्ध आहे. १७ सप्टेंबर हा दिवस आज मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून, कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव म्हणून आणि तेलंगणात कधी मुक्तिदिन तर कधी एकात्मतादिन म्हणून साजरा होतो. एकाच दिवसाला तीन प्रांतांनी निरनिराळी नावे दिली आहेत आणि प्रत्येक जण आपल्यापुरता इतिहास सांगतो. अशा काळात तीनही मुलखांचा लढा एकत्र सांगणारा हा ग्रंथ विशेष मोलाचा ठरतो.

भाषावार राज्यांनी मराठीला राज्य दिले, परंतु राज्याबाहेरच्या मराठीला शासनाचा आधार दिला नाही. तिला आधार राहिला तो वर्गणी भरणाऱ्या सभासदांचा, पुस्तके बांधून घेणाऱ्या चिटणिसांचा आणि संध्याकाळी दिवा लावून दार उघडणाऱ्या ग्रंथपालांचा. सत्तेवाचून संस्था कशी चालवावी, याचा धडा स्वामीजींनी बंदीच्या आठ वर्षांत दिला होता. राजधानी गेल्यानंतरच्या दीर्घ काळात हैदराबादच्या मराठी ग्रंथालयांनी तो गिरविला आहे. निजामाच्या अमदानीत सुरू झालेले वाचनालय हैदराबाद राज्यात, आंध्र प्रदेशात आणि आता तेलंगणात त्याच भाषेची पुस्तके देत राहते, तेव्हा त्याच्या जमाखर्चाच्या वह्यांतही त्या संन्यस्त अध्यक्षाच्या कार्याचा एक अंश नोंदलेला असतो.